तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

मी पदवीधर झालो तो शितोळे बाईंमुळे. दहावीनंतर वडिलांनी माझं पुढचं ठरवून टाकलं होतं: कंपनीच्या कॅन्टीनला लागायचं. बाई निमोण्याच्या आमच्या वस्तीवर आल्या, ओट्यावर बसल्या, आईनं वाढलेली भाकरी खाल्ली आणि उठल्या तेव्हा मी अकरावी सायन्सला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाईंची भूक मोठी, असं आई अजून कौतुकानं सांगते.

बाई मूळच्या दौंडकडच्या. आमच्या शाळेत सगळी नोकरी करूनही गावानं त्यांना शेवटपर्यंत ‘दौंडच्या बाई’च म्हटलं, जशा काही त्या बोटीनं आल्या होत्या. त्यांचा एक नियम होता: कुठंही जाऊन आलास की लिहून काढायचं. शिरूरचा आठवडे बाजार हे माझं पहिलं प्रवासवर्णन. त्याच नियमानं हे लिहितो आहे. प्रवास शिरूर ते दौंड एवढाच आहे, आणि तो लोक रोज करतात. पण मी मुलगी बघायला चाललो होतो, आणि गाडीत सगळा भारत देश होता.

त्याचं असं झालं. माझं स्थळ एका मध्यस्थानं दौंडच्या भालेरावांकडे सुचवलं होतं. मुलीचं नाव स्नेहल, एका लॅबमध्ये रक्त तपासते. मी फोटो बघितला होता आणि दोनदा फोनवर बोललो होतो, आणि माझ्या बाजूनं मी होकार देऊन मोकळा झालो होतो. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती, कारण आमच्यात मुलाचा होकार सगळ्यात शेवटी विचारतात. आधी विचारतात मामाला.

माझे मामा कवठे येमाईचे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांचा या स्थळाला पहिल्यापासून विरोध होता, आणि कारण भीमा नदी होती. शिरूर तालुका नदीच्या उत्तरेला, दौंड दक्षिणेला. आप्पांच्या मते पारगावचा पूल ओलांडला की माणूस बदलतो. “रेल्वेची मान्सं हायेत ती,” ते म्हणाले. “बोलनं शिट्टीवानी. एकदाच, आन् मोठ्यानं. आल्यागेल्याला धड पानी इचारत न्हाईत.” त्यांनी दौंड कधी बघितलं, असं मी विचारलं. तर त्यांनी ते गाडीच्या खिडकीतून बघितलं होतं.

गाडी होती सेल्वमची. सेल्वम माझ्याच कंपनीत मशीन शॉपला आहे, तिरुनेलवेलीकडचा. आप्पा, मी आणि तो असे तीन झालो. आप्पा म्हणाले, “आपुन ते काय मानत न्हाई. पन तीन तिघाडा म्हनून लोकांना बोलायला जागा कशाला द्यायची?” म्हणून चौथा राकेश घेतला. तो बिहारमधल्या सिवानचा, पॅकिंगला असतो आणि त्याला रविवारी काही काम नव्हतं.

या दोघांचं कॅन्टीनमधलं एक सांगायला हवं. कॅन्टीनवाल्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की राकेश उत्तरेचा, म्हणून त्याला चपात्या, आणि सेल्वम दक्षिणेचा, म्हणून त्याला भाताचा डोंगर. राकेशला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. सेल्वमला डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला आहे. दोघांनी सुरुवातीला तक्रार केली, पण कॅन्टीनवाल्याला भूगोल जास्त पाठ होता. तेव्हापासून दोघं समोरासमोर बसतात आणि ताटं बदलून जेवतात.

शिरूरहून (जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात) सकाळी निघालो. डिकीत आप्पांनी कांद्याची गोणी टाकली होती. दक्षिणेच्या लोकांना कांदा काय असतो ते कळावं, असा त्यांचा हेतू होता. न्हावऱ्यापर्यंत उजव्या-डाव्या हाताला ऊस, मध्येच कांद्याच्या वखारी, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली. आप्पांनी मागच्या सीटवरून शिकवणी सुरू केली. मुलीच्या घरी खायचं विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा विचारलं की मान थोडी वाकडी करून ‘बरं, अगदी थोडंसं’ म्हणायचं. पहिल्याच हाकेला हो म्हणणारा माणूस आमच्याकडं हावरट ठरतो.

राकेशला हे चटकन पटलं. “हमारे यहाँ भी तीन बार,” तो म्हणाला. त्याच्या गावी तर पाहुण्यानं उठून निघायचं नाटकही करायचं असतं. सेल्वम गाडी चालवत होता. त्यानं फक्त विचारलं, “भूक असेल तर?”

“भूक हाय म्हनूनच तर नको म्हनायचं,” आप्पा म्हणाले. सेल्वमनं आरशातून माझ्याकडं बघितलं. त्यानं मराठी मशीन शॉपमध्ये शिकलेलं आहे, त्यामुळे ऐकलेलं नीट कळलं नाही असं त्याला वाटलं असावं.

पारगावच्या पुलावर आप्पांनी काच खाली करून पाणी बघितलं. दोन्ही काठांना सारखीच जलपर्णी होती. पलीकडे गेलो आणि थोड्याच अंतरावर गुऱ्हाळ लागलं. या भागात गुऱ्हाळं पुष्कळ, आणि तिथली चुलवाणं सांभाळणारे बरेच कामगार उत्तरेकडचे. राकेश एकदम सावरून बसला. आपली माणसं आहेत, म्हणाला, बघा आता कसा पाहुणचार होतो.

गाडी थांबवली. कढईत रस उकळत होता, गोड वाफ डोळ्यांत जात होती. राकेशनं मोठ्या उत्साहानं कुठले म्हणून विचारलं. कामगार मुझफ्फरनगरचे निघाले. त्यांनी यालाही विचारलं. यानं सिवान सांगितलं. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “अरे, बिहारी है,” आणि दोघं हसले. वाईट नव्हतं ते हसणं, पण आपण ज्या सुरात ‘भैया’ म्हणतो तोच तो सूर होता. राकेशचा चेहरा पडला. तरी त्यांनी न विचारता त्याच्या हातात रसाचा ग्लास ठेवला.

आप्पांना मात्र नवीन ज्ञान झालं. “म्हंजी तिकडं बी उत्तर-दक्षिण हाय व्हय?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, असेल.

तेवढ्यात गुऱ्हाळाचा मालक आला, तिथलाच माणूस. “रस घेणार का, मामा?” आप्पा म्हणाले, नको नको. मीही त्यांच्याकडं बघून नको म्हटलं. सेल्वम म्हणाला, घेतो. मालकानं आत ओरडून सांगितलं, एकच ग्लास दे रे. आणि तो गुळाच्या ढेपा मोजायला निघून गेला. आप्पा बराच वेळ तो गेला त्या दिशेनं बघत उभे होते. गाडीत बसताना म्हणाले, “बघितलं? दौंड सुरू झालं.”

चौफुला, पाटस करत आम्ही दुपारी दौंडला पोचलो. मला गाव आवडलं. रेल्वेचं गाव म्हणजे सारखं कुणीतरी येत असतं आणि कुणीतरी जात असतं, त्यामुळे अनोळखी माणसाकडं कुणी वळून बघत नाही. रस्ता विचारला तर एकानं मराठीत सुरुवात केली, सेल्वमला बघून हिंदीत गेला आणि शेवट हातवाऱ्यांवर केला. पत्ता अचूक होता. सेल्वम गावी जातो ती गाडी इथूनच दक्षिणेला वळते, राकेशची उत्तरेला. दोघांनाही स्टेशन पाठ होतं, गाव दोघांनीही बघितलेलं नव्हतं.

भालेराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मालगाडीवर गार्ड होते. रुळांपलीकडं त्यांचं साधं, स्वच्छ घर. दारात जय भीम झाला. बसायला सांगितलं, बसलो. पाणी विचारलं, आप्पांच्या तोंडून सवयीनं नको गेलं आणि तांब्या माझ्यापुढून निघूनही गेला. सेल्वम पाणी प्यायला.

बोलणी चांगली झाली. भालेराव कमी बोलत, पण सरळ. शिक्षण, नोकरी, शेत किती, भाऊ किती. मग मला आणि स्नेहलला गॅलरीत बोलायला पाठवलं. मी चार दिवस प्रश्न तयार करत होतो. ऐन वेळी तोंडातून निघालं, “दौंडला पाणी कसं आहे?”

“ओलं आहे,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “तुम्ही कंपनीत नक्की काय करता?”

“क्वालिटीत आहे. माल पास की नापास, ते बघतो.”

“म्हणजे आज सुट्टी नाही.”

मी हसलो, तीही हसली, आणि खालून एक मालगाडी इतका वेळ जात राहिली की आम्हाला काही बोलता आलं नाही. ती संपूच नये असं मला वाटत होतं.

आत आलो तर स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. बाजरीच्या भाकरीचाही. सकाळपासून चहावर होतो. स्नेहलची आई पदराला हात पुसत बाहेर आली. “जेवणार ना सगळे?”

आप्पांनी तळहात वर केला. “नको नको, ताई. घरनं जेवूनच निघालो.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला हो म्हणायचं होतं. पण मामा बसलेले असताना भाच्यानं आधी हो म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं. मी म्हटलं, “नको.” राकेशनं दोन्ही हात जोडून नको म्हटलं आणि ठरल्याप्रमाणे उठायचं नाटकही केलं. सेल्वम म्हणाला, “मी जेवतो.”

स्नेहलची आई क्षणभर थांबली. मग “बरं” म्हणून आत गेली. एक ताट आलं.

ते जेवण मी विसरणार नाही, जरी ते मी जेवलो नाही. सेल्वमनं भाकरी चुरली, रस्सा ओतला, वर लिंबू पिळलं. आम्ही तिघं समोर बसून हवापाण्याचं बोलत होतो. आप्पा एकेका घासाबरोबर स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. अजून दोन विचारणी बाकी होत्या. विचारायला कुणी आलं नाही. स्नेहल एकदा आली, सेल्वमला भाकरी वाढली आणि माझ्याकडं न बघता गेली. कांद्याची गोणी आम्ही पोचवली ती त्यांनी ओट्यावरच ठेवून घेतली. निघताना भालेराव मला म्हणाले, “मोकळेपणानं कळवा. आमचं काही वाईट वाटून घेणं नाही.” मला त्याचा अर्थ लागला नाही.

पाटसपर्यंत आप्पा एकटेच बोलले. “मटनाचा वास आला, पन ताट न्हाई आलं. एवढ्या लांबनं आलो, कांदा दिला. दुसऱ्यांदा इचारायला जीभ झडती का? मी म्हनत हुतो, नदीपल्याडची पोरगी करायची न्हाई. भाच्या, ह्यो इषय संपला.” राकेशही दुखावला होता. त्याच्याकडं असं झालं असतं तर दोन्ही गावांत चर्चा झाली असती, म्हणाला.

पाटसला वडापावच्या गाड्यावर थांबलो. सेल्वम सोडून आम्ही तिघंही दोन-दोन वडे खात होतो. सेल्वमला काहीच कळेना.

“आप्पा,” तो म्हणाला, “त्यांनी विचारला. तुम्ही नको बोलला. आता भूक कशी?”

आप्पांनी दुसरा वडा तोडला. मग सेल्वम मला म्हणाला की जेवून हात धुवायला तो आत गेला तेव्हा स्नेहलच्या आईनं त्याला हळूच विचारलं होतं, तुमच्या मित्राला मुलगी आवडली नाही का? त्यानं माहीत नाही म्हणून सांगितलं. खरंच माहीत नव्हतं. मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

माझ्या हातातला वडा हातातच राहिला. मुलीच्या घरचं अन्न नाकारलं की स्थळ नाकारलं, ही रीत नदीच्या दोन्ही काठांना सारखीच आहे. आप्पांनाही ती ठाऊक होती. फक्त आमच्याकडं नकार तिसऱ्या नकोला धरतात, आणि त्यांच्याकडं पहिल्याच. आम्ही तिच्या दारात बसून, तिच्या आईच्या तोंडावर, एकदा नाही तर तीन माणसांनी मिळून तिला नापास करून आलो होतो. आणि कळवायचं होतं ते मोकळेपणानं.

मी म्हटलं, “सेल्वम, गाडी फिरव.”

“जेवान मागायला माघारी जायचं?” आप्पा म्हणाले. “शिरूर तालुक्याची इज्जत हाय का न्हाई?”

“मामा, मला मुलगी पसंत आहे.”

मामाला न विचारता असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. आप्पांनी वड्याचा कागद चुरगाळला. मग म्हणाले, “फिरव. पन मी गाडीतनं उतरनार न्हाई.”

दार स्नेहलनंच उघडलं. तिनं साडी बदलून घरातला ड्रेस घातला होता. तिच्या मागं भालेराव फोन हातात घेऊन उभे होते. मध्यस्थाला कळवायच्या बेतात असावेत.

“काही राहिलं का?” तिनं विचारलं.

“जेवायचं राहिलंय,” मी म्हटलं.

तिनं दाराची कडी हातातून सोडली नाही. “मघाशी नको म्हणालात.”

“आमच्याकडं तिसऱ्यांदा हो म्हणतात.”

“आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?”

“तर पाटसला वडापाव खातात.”

ती आत वळली. मला वाटलं दार लागलं आता. पण तिनं आत जाऊन आईला सांगितलं, चार पानं घे. चौथं सेल्वमचं होतं. तो पुन्हा जेवायला तयार होता.

भालेराव आधी समजले नाहीत, मग समजले आणि तोंडावर हात ठेवून हसले. निम्मं आयुष्य गार्डाच्या डब्यात गेलं, म्हणाले. हिरवं म्हणजे हिरवं, लाल म्हणजे लाल. ड्युटीवर निघालेल्या माणसाला दोनदा विचारत बसलं तर गाडी चुकते, म्हणून त्यांच्या घरात कुणी दोनदा विचारत नाही आणि कुणी खोटं नको म्हणत नाही. त्यांनी घरच्यांना आधीच बजावलं होतं, घोडनदीकडची माणसं आतल्या गाठीची असतात, मनातलं ओठावर येऊ देत नाहीत. मला वाटलं, हे काही अगदीच खोटं नाही.

मग ते स्वतः गाडीपाशी गेले आणि खिडकीत वाकून म्हणाले, “आप्पा, जेवायला चला.”

आप्पांच्या ओठांवर ‘नको’चा ‘न’ आलेला आम्ही सगळ्यांनी बघितला. राकेशनं डोळे मिटून घेतले. आप्पांनी तो ‘न’ गिळला, धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाले, “चला.”

जेवण फार छान होतं. पहिली भाकरी संपली तशी स्नेहलच्या आईनं आप्पांना विचारलं, आणखी घेणार का? आप्पांचा तळहात आपसूक वर गेला, “नको.” त्या टोपली घेऊन वळल्या. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं, आणि टोपली दारापर्यंत पोचायच्या आत म्हणाले, “अवो ताई, वाढा. ते आमच्याकडचं नको हुतं.”

परत येताना पारगावच्या पुलावर ऊन उतरलं होतं. राकेश म्हणाला, त्याच्याकडंही अशीच मोठी नदी आहे. पलीकडच्या लोकांबद्दल त्याच्या आजोबांनी बरंच काही सांगून ठेवलंय, आणि तो कधी पलीकडं जेवला नाही. सेल्वम म्हणाला, त्याच्याकडं नदी लहान आहे, पण गोष्टी तेवढ्याच आहेत. आप्पा झोपले होते. घरी पोचल्यावर त्यांनी आईला एवढंच सांगितलं, “मान्सं चांगली हायेत. फकस्त कान उघडे ठिवून जेवावं लागतंय.”

मला वाटतं, परमुलूख फार लांब असतो ही समजूत लांबचा प्रवास करणाऱ्यांनी पसरवली असावी. माझा तर पुलापलीकडंच होता. रात्री आईला सगळं सांगत बसलो. ऐकता ऐकता ती एकदम थांबली आणि एक गोष्ट बोलली. ती मी निवृत्तीनंतर नाशिकला राहणाऱ्या बाईंना पत्रानं कळवली. ते पत्र असं:

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. माझं लग्न ठरलं. मुलगी तुमच्या दौंडची, स्नेहल भालेराव. प्रवासाचं वर्णन नियमाप्रमाणे लिहून सोबत जोडलं आहे. चुका लाल पेनानं दाखवाव्यात.

ते ऐकून आई काय म्हणाली ते वर्णनात लिहिलेलं नाही, कारण ते तुमचं आहे. तुमच्याआधी जे गुरुजी वस्तीवर यायचे, ते आईनं चहा विचारला की ‘नको, आत्ताच झाला’ म्हणायचे. आमच्याकडं तीनदा विचारायची रीत, पण आई त्यांना दुसऱ्यांदा विचारायची नाही. ते नको कुठल्या जातीचं आहे, हे तिला कळायचं. मग तुम्ही आलात. तिनं भाकरी विचारली ती रीत म्हणून, आणि थाळा पुन्हा फळीवर ठेवायला हात वर केलेला होता. तुम्ही पहिल्याच शब्दाला हो म्हणालात आणि पाट ओढून बसलात.

आई इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आली, बाईंची भूक मोठी. काल रात्री ती म्हणाली, “ती भूक नव्हती रं.” आणि मग लगेच म्हणाली, दौंडच्या आहेत, असेलही.

बाई, खरं काय ते तुम्हीच सांगा. भूक होती, की दौंडची रीत होती, की तिसरंच काही? नसेल सांगायचं तर राहू द्या.

लग्नाची तारीख ठरली की कळवतो. आईनं सांगितलंय की त्याआधी एकदा घरी या, ती चुलीवर भाकरी करणार आहे.

जेवायला या, बाई. एकदाच विचारतो.

तुमचा,
प्रवीण